गाल नेमका कुठे असतो?

प्रश्न: जुना इंग्रज कवी चॉसर याच्या गोष्टीत बायबलमधला महाबली सॅमसन गाढवाच्या 'चेके'ने हजार माणसं मारतो असं वाचलं. चेके म्हणजे आजचा चीक, म्हणजे गालच ना? गालाने कोण कसं मारेल? छापायची चूक आहे का?

उत्तर: चूक अजिबात नाही, आणि प्रश्न इतका छान आहे की पत्र वाचून आधी मीच पुस्तक उघडून बसलो. चॉसरने हे लिहिलं चौदाव्या शतकाच्या शेवटी, आणि तेव्हा चेके म्हणजे जबडा हा अर्थ अजून जिवंत होता. जुन्या इंग्रजीत तर तो मुळात जबड्याचाच शब्द, नंतर तो हळूहळू हाडावरून मांसाकडे, म्हणजे वर गालाकडे सरकला. सॅमसनच्या हातात गाढवाच्या जबड्याचं हाड आहे.

मग गालाला काय म्हणायचे? एक शब्द होता 'वांग' (चेहऱ्यावर काळे डाग पडतात ते आपलं वांग वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही). हा शब्द एकटा फार टिकला नाही पण जोडशब्दांत लपून बसला. दाढेला म्हणायचे वांगटूथ, म्हणजे गालातला दात. नवव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाने कायदे केले त्यात कुणी कुणाचा दात पाडला तर किती भरपाई द्यायची तेही लिहिलंय, पुढचा दात 8 शिलिंग, वांगटूथ 4 आणि सुळा चक्क 15! दाढेपेक्षा सुळा जवळजवळ चौपट महाग, हे मला अजून नवल वाटतं. आणि गंमत बघा, तुमच्या त्याच सॅमसनच्या गोष्टीत पुढे तो तहानेने व्याकूळ होतो तेव्हा त्या गाढवाच्या जबड्यातल्या वांगटूथमधूनच पाण्याचा झरा फुटतो, म्हणजे आज गालाचा झालेला शब्द तिथे जबड्यासाठी आणि गालाचा जुना शब्द दाढेच्या नावात, दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. चॉसरच्याच दुसऱ्या एका गोष्टीत सरदार उघड्यावर झोपतो आणि शिरस्त्राण त्याचं 'वांगर' होतं, म्हणजे उशी, आपली गालउशीच म्हणा ना.

कानशिलालाही वांगच पण पुढे 'थुन' लावून, थुनवांग म्हणजे पातळ गाल. बोट लावून बघा, तिथली कातडी खरंच पातळ लागते, किती नेमकं नाव! पुढे फ्रेंचमधून टेंपल (देऊळ नव्हे, कानशिलाचा आजचा इंग्रजी शब्द) आला आणि हे सुंदर नाव गेलं, मला तरी त्याचं वाईट वाटतं.

एकदा लक्षात आलं की डोक्यावरचे शब्द असे शेजारच्या घरात राहायला जातात, की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. आज गम म्हणजे हिरडी, पण जुन्या इंग्रजीत 'गोमा' म्हणजे टाळू. ब्रू म्हणजे आधी पापणीचे केस, मग तो वर चढून भुवईवर गेला, आणि हा ब्रू आपल्या संस्कृत भ्रूचा, म्हणजे भुवईचाही, सख्खा नातेवाईक. नेब म्हणजे पक्ष्याची चोच, माणसाचं नाक आणि अख्खा चेहराही, तेराव्या शतकातसुद्धा लोक चेहऱ्याला सरळ नेब म्हणत होते, त्यात अपमान वगैरे काही नाही. फेस हा शब्द फ्रेंचमधून आला तो 1300 च्या आसपास. कवटीला जुनं नाव मेंदूचं भांडं किंवा डोक्याचं भांडं अशा अर्थाचं होतं, आपल्याकडे कवटी आणि करवंटी किती जवळ आहेत ते आठवा.

सगळ्यात आवडता शब्द मात्र शेवटी ठेवलाय. टाळक्याच्या मधोमध, तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते त्या जागेला जुन्या इंग्रजीत 'मोल्दा' म्हणायचे. हा आणि आपला संस्कृत मूर्धन् एकाच मुळातले! मूर्धन् म्हणजे डोकं, पण ट ठ ड ढ ण ला आपण मूर्धन्य म्हणतो तेव्हा जीभ कुठे लागते? तोंडाच्या आत, वरच्या छताला. म्हणजे सरकासरकी आपल्याकडेही झालीच, डोक्याचं नाव आत तोंडात उतरलं. आपली 'टाळू' तर आजही दोन्हीकडे आहे, डोक्यावर पण आणि तोंडात पण.

प्रश्न: मतदानाला पोल म्हणतात त्याचा डोक्याशी संबंध आहे असं ऐकलं, खरं का?

उत्तर: हो, खरं आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'पोल' म्हणजे डोकं, खास करून वरचा केसाळ भाग, शब्द डच किंवा लो जर्मनकडून आलेला. 1377 साली इंग्लंडमध्ये चौदा वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येकाकडून, भिकारी सोडून, 4 पेन्स कर घेतला, 1380 ला तेच थेट 12 पेन्स केले, पंधरा वर्षांवरच्यांना. गरीब आणि सधन सगळ्यांच्या डोक्याची किंमत सारखीच धरल्यावर लोक भडकणारच, आणि 1381 च्या उन्हाळ्यात शेतकरी थेट लंडनमध्ये घुसले. डोक्यागणिक घेतलेला हा कर पुढे पोल-टॅक्स या नावाने ओळखला गेला, आपला जुना शब्द डोईपट्टी त्याला तंतोतंत बसतो. मतं मोजताना तरी काय, डोकीच मोजायची, म्हणून सतराव्या शतकात तोच पोल मतमोजणीला लागला. शिरगणती म्हणा हवं तर.