इंग्लंडमध्ये जुलै-ऑगस्टला पाऊस लागून राहिला तर गव्हाच्या कापणीवर आणि कबुतरांच्या शिकारीवर काय परिणाम होतो?

कापणी लांबते, आणि शिकार कापलेल्या रानातून न कापलेल्या, आडव्या पडलेल्या पिकाकडे सरकते. साठवणीसाठी दाण्यात साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. त्यामुळे शेतकरी एकतर उघडिपीची वाट पाहतो, नाहीतर ओला गहू कापून ड्रायरचा खर्च सोसतो. वाट पाहण्यातला धोका मोठा: पिकलेल्या ओंबीतच कोंब फुटले की पिठाची प्रत जाते आणि ब्रेडचा गहू पशुखाद्याच्या भावात विकावा लागतो. वर्षभराची मेहनत अशी जाताना पाहणं फार वाईट.

वाऱ्यापावसाने आडवं पडलेलं पीक म्हणजे वुडपिजन या रानकबुतरांना आयतं ताट. ताठ उभ्या गव्हात त्यांना नीट उतरता येत नाही, लोळलेल्या पट्ट्यांत येतं. म्हणून नकली कबुतरं मांडून आडोशाला बसायचं ते या पट्ट्यांजवळ. एरवी कापणीनंतर सांडलेल्या दाण्यांवर थवे येतात, पण पावसात तेही लवकर रुजतात.

मात्र तिथे ही कबुतरं पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासारख्या कारणांसाठी, सरकारी जनरल लायसन्सच्या (वेगळा अर्ज न करता सर्वांना लागू असलेल्या परवान्याच्या) अटींवरच मारता येतात. नुसत्या हौसेसाठी नाही.