चिंगीच्या डोक्यात नक्की काय झालंय?

प्रश्न : डॉक्टर, आमची चिंगी पग जातीची कुत्री आहे, साडेतीन वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी तिला पहिली फिट आली. तेव्हापासून एकाच बाजूला गोल गोल फिरते, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, एका डोळ्याने दिसत नाहीये बहुतेक. आमचे डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज आहे, पग लोकांना होतो तो एन्सेफलायटिस असणार, एमआरआयला पुण्या-मुंबईला न्या, नाहीतर स्टेरॉइड सुरू करू. शेजारच्या काकू म्हणतात रेबीज आहे, घरात ठेवू नका, आणि सासरे म्हणतात मुक्या जीवाचे हाल नकोत, कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊन टाका. मला काही म्हणजे काही सुचत नाहीये. – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी काकूंचं बघू. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत जातंच, चिंगी तीन आठवडे झाले तरी जेवतेय, तेव्हा तो विषय संपला. पण तिचं रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालंय ना ते कार्डावर बघा, आणि झालं नसेल तर परस्पर देऊ नका, स्टेरॉइड चालू असताना कुठलंही व्हॅक्सिन डॉक्टरांना विचारूनच. डॉक्टर म्हणतात तो मेंदूच्या सुजेचा आजार माणसांना किंवा दुसऱ्या कुत्र्यांना लागत नाही, मुलांना तिच्यापासून लांब ठेवायची गरज नाही, फक्त फिटच्या वेळी तोंडाजवळ हात नको.

आता आजार. यात कुठला जंतू नसतो, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते आणि तिथला भाग खराब होत जातो. पगमध्ये जास्त दिसतो, पण माल्टीज, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या कुत्र्यांनाही होतो, बहुतेक तरुण वयातच. स्टेरॉइड देतात ते ही उलटलेली शक्ती दाबायला, म्हणूनच आधी डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) आणि गोचिडाचा ताप नाही ना याची तपासणी करून घ्या, कारण आतमध्ये इन्फेक्शन असताना स्टेरॉइड दिलं तर ते उलट वाढतं.

एमआरआय आणि मणक्यातलं पाणी काढून तपासणं, दोन्हीला भूल लागते आणि पगचं नाक आखूड असल्याने भूल जपूनच द्यावी लागते. त्यातून गाठ आहे की सूज, किती भाग गेलाय हे कळतं, पण या आजाराचं शंभर टक्के नाव मेंदूचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. माझं स्पष्ट मत, एमआरआयला सगळे पैसे गेले आणि पुढच्या औषधाला उरले नाहीत असं होणार असेल तर एमआरआय सोडा. पैशांची सोय असेल तर मात्र जरूर करा, कारण गाठ निघाली तर सगळं गणितच बदलतं.

स्टेरॉइडवर ती पाण्याची वाट्याच्या वाट्या संपवेल, सारखी शू करेल, रात्री उठवेल, आणि भूक अशी लागेल की तुमच्या हातातली पोळी ओढेल. हे अपेक्षित आहे, घाबरू नका, पण म्हणून मनाने डोस बंद करू नका, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. आणि अंगदुखीची माणसांची गोळी अजिबात नाही, स्टेरॉइडबरोबर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो.

फिटचं औषध घड्याळ लावून, ठरलेल्या वेळेलाच. लेव्हेटिरासिटामचं सिरप दिलं असेल तर बाटलीवर झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) लिहिलंय का बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे.

फिट आली की कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नका (आपल्याकडे हे हमखास होतं, आणि पगला आधीच श्वास घ्यायची मारामार), जीभ ओढायला तोंडात बोट तर घालूच नका, ती जीभ गिळत नाही. पंखा लावा, टेबल-खुर्ची बाजूला सरकवा, मोबाईलवर वेळ बघत व्हिडिओ काढा. पाच मिनिटं होत आली तरी थांबत नसेल किंवा चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त आल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. सांगलीत रात्री उघडं काय आहे ते आजच विचारून ठेवा, आणि फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे घरी ठेवता येईल का हेही डॉक्टरांना विचारा.

घरात बाकी सोप्पंय, एरवी फर्निचरच्या जागा बदलू नका, गुळगुळीत फरशीवर योगा मॅट टाका, जिन्याला आडोसा करा, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस घाला.

सासऱ्यांचं म्हणणं चूक नाही, फक्त घाई आहे. खोटी आशा दाखवत नाही, काही कुत्री आठवड्यांतच जातात, काही औषधांवर महिने काढतात, थोडी वर्षंही काढतात. औषध लागू पडतंय का हे पहिल्या काही आठवड्यांत बऱ्यापैकी कळतं, तेवढे द्या. रोज कॅलेंडरवर लिहा, जेवली का, तुमचा आवाज ओळखला का, झोप लागली का. औषधं पूर्ण चालू असूनही वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागले, फिट थांबेनाशा झाल्या की मग इंजेक्शनचं बोला, आणि तेव्हा सासऱ्यांनाही सोबत न्या.

एक राहिलं, ज्यांच्याकडून चिंगी आणली त्यांना कळवा. पगमध्ये याचा धोका घराण्यातून येतो, तिच्या आईबापाची पुढची पिल्लं थांबवलेली बरी.