नर्सरीत लिहायला कधी लावायचं?

प्रश्न: माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, नर्सरीत जाते. शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा पण १ ते ५० लिहितो, ही पेन्सिल धरली की दोन मिनिटांत रडते. शाळा रोज एक पान होमवर्क देते. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते पान बंद करा आणि टीचरशी शांतपणे बोला. साडेतीनला बोटांची, मनगटाची ताकदच आलेली नसते हो, हात दुखतो म्हणून रडते ती, आळशी नाहीये. तिला कणकेचा गोळा द्या, मटार सोलायला बसवा, मणी ओवू दे, जमिनीवर खडूने मोठ्ठे गोल काढू दे, पेन्सिलची तयारी यातूनच होते. आणि ५० पर्यंत लिहिणाऱ्याला एकदा सांगून बघा, डब्यातून ७ शेंगदाणे दे, बरीच मुलं मूठभर उचलतात, कारण आकडा गिरवणं वेगळं आणि मोजणं वेगळं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली तिथे शंखशिंपले, पानं, बिया हेच साहित्य होतं. २०२० च्या शिक्षण धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात भर खेळावर, गोष्टींवर आहे, शाळेला हे नक्की दाखवा. घरी रोज गोष्ट सांगा, मराठीतच, आणि मध्येच थांबून विचारा, पुढे काय झालं असेल? बाईंनी ऐकलंच नाही तर वहीत सरळ लिहून पाठवा की आज आम्ही लिहिलं नाही, मटार सोलले.