पोथी उघडते, पण मन बसत नाही

‘पोथी वाचायला बसले की दहा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. माझी तेवढी पात्रताच नाही का?’ मी समुपदेशक आहे आणि चाळिशी ओलांडलेली अनेक माणसे हा प्रश्न मला या ना त्या शब्दांत विचारतात. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी तो विचारला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांची हकिकत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडते.

वडील गेल्यानंतर त्यांनी ज्ञानेश्वरी वाचण्याचा संकल्प केला होता. आठ महिन्यांत पहिला अध्यायही पुरा झाला नव्हता. मात्र त्याच काळात त्या सत्संगाच्या सात व्हॉट्सॲप गटांत सामील झाल्या होत्या, लोकलमध्ये दुप्पट वेगाने प्रवचने ऐकत होत्या आणि आवडलेली वचने ‘नंतर वाचू’ म्हणून साठवत होत्या. विषय अध्यात्माचा असल्यामुळे या धांदलीला विक्षेप, म्हणजे मन भरकटवणारी गोष्ट, म्हणावे, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

वाचताना हात फोनकडे गेला की कागदावर एक रेघ ओढा, एवढेच मी त्यांना सांगितले. अर्ध्या तासात चौदा रेघा झाल्या. फोन मात्र दोनदाच वाजला होता. उरलेल्या बारा वेळा हात जाण्याआधी मनात काय आले, असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ‘मॅडम, पोथी अण्णांची आहे,’ त्या म्हणाल्या. लाल कापडात बांधलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली. शेवटच्या आजारपणात अण्णांनी ‘जरा वाचून दाखव’ म्हटले होते आणि यांनी ‘रविवारी वाचते’ असे उत्तर दिले होते. त्या रविवारी अण्णा नव्हते.

अशा वेळी मन एकाग्र करण्याच्या युक्त्या सुचवणे मला अन्यायाचे वाटते, कारण शांत बसल्यावर जे दुःख समोर येते त्यापासूनच ते मन पळत असते. मी त्यांना फोन स्वयंपाकघरात ठेवून रोज फक्त पाच ओव्या, त्याही मोठ्याने, अण्णांना ऐकवतो आहोत अशा भावनेने वाचायला सांगितले. रडू आले तर थांबावे, पण पोथी मिटू नये. ‘नऊ हजार ओव्यांना पाच वर्षे लागतील,’ त्या म्हणाल्या. लागू देत, असे मी मनापासून म्हटले.

पात्रतेच्या प्रश्नासाठी आम्ही सहावा अध्याय उघडला. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही, ही तक्रार तेथे प्रत्यक्ष अर्जुन करतो. श्रीकृष्ण त्याला रागावत नाहीत. मन आवरणे कठीण आहे हे आधी निःसंशय मान्य करतात आणि मगच अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला सराव, आणि वैराग्य हा मार्ग सांगतात. आधी मान्य करणे, हा त्यातला भाग समुपदेशक म्हणून मला फार मोलाचा वाटतो.

वडिलांविषयी बोलण्यासाठी त्या पुढे तीन महिने येत राहिल्या. सात गटांपैकी पाच त्यांनी आपणहून सोडले. पहिल्यापासून सुरू केलेले वाचन आता दुसऱ्या अध्यायात आले आहे. रेघांचा कागद अजून पोथीतच असतो. परवा त्यावर चार रेघा होत्या.