रान साफ करायला दिले आणि वनखात्याची नोटीस आली

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित सामाईक जमिनीत काजू लावायचे म्हणून गावातील एका ठेकेदाराला रान साफ करण्याचे काम फोनवरच दिले. १,८०,००० रुपये ठरले, त्यांपैकी ७०,००० यूपीआयने दिले. त्याने झाडोऱ्याबरोबर खैर, ऐन आणि किंजळही तोडून लाकूड ट्रकने नेले, जेसीबीने काढलेला मुरूम बाहेर नेला आणि शेजाऱ्याच्या काजूची चार झाडे उपटली. काम अर्धवट टाकून तो उरलेले पैसे मागतो आहे, आणि वनखात्याची नोटीस मात्र माझ्या नावाने आली आहे. मी त्याला फक्त ‘लाकडाचे काय ते तुम्ही बघा’ एवढेच व्हॉट्सॲपवर लिहिले होते. झाडे तोडणारा तो असताना जबाबदार मी कसा?

उत्तर : आपल्या व्यवहारात एकही लेखी करार नाही आणि जे एकमेव वाक्य लेखी आहे ते आपल्या विरोधात वाचले जाऊ शकते, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा अनुसूचित, म्हणजे त्याच्या यादीतील, झाड तोडणाऱ्याला जसा लागू होतो, तसाच ते तोडवून घेणाऱ्यालाही लागू होतो. जमीन स्वतःच्या मालकीची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागतेच. खैर, ऐन आणि किंजळ तिन्ही या अनुसूचीत आहेत; साग, आंबा, फणस, जांभूळ आणि हिरडाही आहेत. सातबाऱ्यावर नाव आपले असल्याने अधिकाऱ्यांनी आधी आपल्याला विचारणे स्वाभाविक आहे. मात्र आपले वाक्य दोन्ही अर्थांनी घेता येते : मोठी झाडे तोडा आणि लाकूड विका, किंवा तोडलेली झुडपे आणि काटक्या तुम्हीच हलवा. दुसरा अर्थ खरा असेल तर त्याच्या मागचे-पुढचे सगळे संभाषण आपल्याला उपयोगी पडेल. म्हणून तो संदेश कृपा करून पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ठेकेदाराच्या फोनमध्ये तो तसाही शिल्लक राहणारच आहे.

नोटिशीचे उत्तर मुदतीत आणि खरे द्या. ‘मला काहीच माहीत नव्हते’ असे ठोकून देऊ नका. काम कोणाला दिले, काय सांगितले, पैसे कधी दिले आणि लाकूड गेल्याचे आपल्याला केव्हा कळले, हे क्रमाने लिहा आणि जागेचा पंचनामा करण्याची विनंती आपणच करा. उरलेली साफसफाई तोपर्यंत पूर्ण थांबवा. जेसीबीने खुंट उपटले की कोणते झाड होते, किती घेराचे होते आणि किती होती, हे सांगणारे काहीच उरत नाही, आणि मग संख्या सांगणाऱ्याच्या तोंडी राहते. खैराचा खुंट सहज ओळखू येतो : कडेला फिकट पट्टी आणि आत गडद तांबूस गाभा. प्रत्येक खुंटाला टेप लावून घेर मोजा, टेप दिसेल असा फोटो घ्या आणि शक्य तर गावातील दोघांना साक्षीला ठेवा. खैराला कातासाठी चांगला भाव असतो, त्यामुळे ठेकेदाराने नेमके तेच लाकूड उचलले यात मला नवल वाटत नाही. ते वाहतूक पासाशिवाय नेले असेल, तर त्याचा जाब स्वतंत्रपणे त्याला आणि ट्रकमालकाला द्यावा लागेल. जमीन सामाईक असल्याने आपल्या चुलत भावंडांनाही हे आजच कळवा. लाकडात त्यांचाही हिस्सा होता, आणि त्यांनी उद्या वेगळी तक्रार केली तर आपली बाजू लंगडी पडेल.

मुरमाचा विषय महसूल खात्याचा आहे. जमीन सपाट करताना निघालेली माती तिथेच भरावाला वापरणे आणि ती ट्रकने बाहेर नेणे, यांत कायदा फरक करतो. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली खोदलेल्या मातीच्या वापराकडे पाहूनच निर्णय दिला होता. परवान्याशिवाय मुरमासारखे गौण खनिज नेल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) आणि (८) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्रसामग्री जप्त होऊ शकते. तहसीलदारांकडे आपणहून लेखी तक्रार द्या.

शेजाऱ्यांच्या बाबतीत कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा जबाबदार नसतो. पण हद्द आपणच चुकीची दाखवली असेल तर हा नियम आपल्याला वाचवणार नाही. हद्द खरोखर कुठे आहे हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच ठरू द्या, दोघांनी मिळून अर्ज केलात तर उत्तम. तोवर भरपाई कबूल करणारे काही लिहून देऊ नका, मात्र त्यांच्याशी बोलणे तोडू नका. चार काजूंचे मोल समजुतीने ठरवणे कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त पडते, आणि त्या वाटेने आपल्याला पुढेही जायचे आहे.

आता ठेकेदाराचे पैसे. तोंडी करार वैध असतो, पण बेकायदा तोडीपुरता तो शून्य आहे आणि त्या भागासाठी न्यायालय कोणालाच मदत करणार नाही. झुडपे काढण्याचा कायदेशीर भाग त्यापासून वेगळा करता आला, तर अपुऱ्या कामाची भरपाई मागता येते. उरलेले १,१०,००० रुपये आत्ता देऊ नका. झालेल्या कामाची मोजदाद, नेलेल्या लाकडाचा आणि मुरमाचा हिशेब मागणारी नोटीस वकिलामार्फत पाठवा. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, ती आपल्या राहत्या जिल्ह्यात म्हणजे ठाण्यात करता येते आणि या रकमेला शुल्क नाही; करारभंगाच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षे मिळतात. तरीही माझा आग्रह असा, की वनखात्यापुढे आपले म्हणणे नोंदले जाईपर्यंत यांपैकी काही दाखल करू नये. एका ठिकाणी ‘मी फक्त साफसफाई सांगितली’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘लाकडाचा माझा वाटा मिळाला नाही’ असे लिहिले गेले, तर दोन्ही प्रकरणे हातची जातील. आपल्या नोटिशीवरील उत्तराची शेवटची तारीख पाहा आणि त्याआधी सगळे कागद घेऊन रत्नागिरी किंवा देवरूखच्या वकिलांना प्रत्यक्ष भेटा.