पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत माझ्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची नोकरी दिसते आहे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकेन का?

अडकाल. चार-आठ दिवस तरी नक्की अडकाल. व्हेरिफिकेशनवाल्यापुढे नाव, कंपनी आणि तारखा येतात, तुमचं तोंड येत नाही. तुम्ही लिहिलंय की २०१७-१८ मध्ये तुम्ही ऐरोलीत कामाला होता आणि त्याच दीड वर्षात चाकणच्या कंपनीची नोंद तुमच्या यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या नंबराखाली, बसली आहे. म्हणजे कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन पगार खाल्लेत. वर कोर्टाच्या साइटवर तुमच्या नावाने चेक बाउन्सची केस. आणि आडनाव पाटील. नवी मुंबईत राहून पाटील असणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मीही पाटीलच. माहेरची. आमच्या गावठाणात हाक मारली तर चौघं वळून बघतील अशी परिस्थिती. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट द्यायचे, त्या साडेबारा टक्क्यांच्या यादीत एकाच नावाचे तिघं होते, शेवटी प्रत्येकाला ‘उर्फ’ लावून, आज्याचं नाव जोडून वेगळं काढावं लागलं. गावात निभतं हो, गावात प्रत्येकाला टोपणनाव असतं. घोळ होतो तो कंपनीत.

आमचे बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत १९७८ला लागले. कंपनीचं नाव घेत नाही, आता तिथे गोडाऊन आहे. १९८५ला तिथे साताऱ्याकडचे एक पाटील आले. नाव तेच, आडनाव तेच. एकाच्या वडिलांचं नाव रामा, दुसऱ्याच्या राघो, म्हणून मस्टरवर मधला ‘आर’सुद्धा तोच. टाइम ऑफिसवाले तिकीट नंबराने ओळखायचे, बाकी सगळे डब्यावरून. आमचे बाबा ‘सुकट पाटील’, कारण डबा उघडला की अख्ख्या प्लांटला कळायचं. ते दुसरे ‘ठेचा पाटील’. दोघं एका पाळीत आले की एकमेकांचे डबे खायचे. अठरा वर्षांत दोघांच्या पगाराच्या पाकिटांची अदलाबदल दोनदाच झाली आणि दोन्ही वेळा गेटवरच्या चहाच्या टपरीवर मिटली.

२००३ मध्ये कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) काढली. ठेचा पाटलांनी घेतली आणि गावी गेले. बाबांनी घेतली नाही, कारण मी शेवटच्या वर्षाला होते आणि दादाचं नुकतंच लग्न झालं होतं.

आता मुद्दा. पुढच्या वर्षी, २००४च्या दिवाळीच्या आसपास, पीएफची वार्षिक स्लिप आली. तेव्हा पासबुक-बिसबुक काही नव्हतं. डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, कडेला भोकं असलेली एक चिटोरी कंपनीतून मिळायची, वर्षातून एकदा, तीही उशिरा. बाबा ती न वाचता आईकडे द्यायचे आणि आई ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्यात डांबराच्या गोळ्या, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या सरकारी कागदांना मोरीचा वास. मी बी.कॉम.ची, नवीनच शहाणी झालेली, म्हणून स्लिप वाचली. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक एक लाख चौऱ्याऐंशी हजार आणि काही शे. पुढच्या रकान्यात ‘काढलेली रक्कम’, तोच आकडा, शेवटच्या रुपयापर्यंत. खाली उरले होते त्या वर्षीचे काही महिन्यांचे हप्ते.

मी बाबांना विचारलं, तुम्ही पैसे काढलेत? ते म्हणाले, नाही. मी दादाला दाखवलं. दादा तेव्हा वाशीला एका ऑफिसात होता, घरातला शिकलेला माणूस तोच. त्याने स्लिप हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, “अगं, छापण्यात चूक असते. कंपनी बघून घेईल. तू तुझ्या लग्नाचं बघ.”

हे वाक्य मी वीस वर्षं विसरलेले नाही.

२०१०ला बाबा अठ्ठावन्न वर्षांचे झाले. पीएफ काढायचा फॉर्म १९ आणि पेन्शनचा १०डी भरून दिला. दोन महिन्यांनी दोन्ही परत. शेरा असा की सभासदाने २००३ मध्ये नोकरी सोडली असून दावा निकाली काढला आहे. बाबा सोफ्यावर बसून तो कागद धरून होते आणि सारखं एकच म्हणत होते, “मी परवापर्यंत गेलो ना कामावर.” जिवंत माणसाला तू मेलास म्हणून सांगितल्यावर तो जसा बघेल, तसे बघत होते.

झालं होतं ते अगदी साधं. व्हीआरएसच्या वेळी टाइम ऑफिसने नावांची अक्षरांप्रमाणे यादी काढली, दोन पाटील एकाखाली एक आले आणि ठेचा पाटलांच्या फॉर्मवर कारकुनाने वरच्या ओळीतला खाते क्रमांक लिहिला. बस. बाबांच्या पंचवीस वर्षांची पुंजी साताऱ्याला गेली आणि ठेचा पाटलांची स्वतःची, आमच्यापेक्षा कमी, त्यांच्या खात्यात तशीच पडून राहिली. पेन्शनच्या हिशेबातही बाबांची सेवा २००३लाच संपली. पगाराची मर्यादा तेव्हा साडेसहा हजार, गुणिले वर्षं, भागिले सत्तर. सात वर्षं गेली म्हणजे महिना साडेसहाशे रुपये, जन्मभर. ज्यांना साडेसहाशे म्हणजे काहीच नाही असं वाटतं त्यांनी पुढे वाचू नये.

तेव्हा यूएएन नव्हता, तो २०१४ला आला. बाबांना ओळखणारी एकच गोष्ट म्हणजे कंपनीचा कोड आणि पुढचा खाते क्रमांक, आणि तीच चुकली होती. मी तो पत्र्याचा डबा घेऊन पीएफच्या ऑफिसात गेले. तिथला बाबूही (चांगला माणूस होता, आडनाव पाटील नव्हतं) हसला डबा बघून. पण २००२पर्यंतच्या प्रत्येक स्लिपवर बाबांचा क्रमांक आणि तिकीट नंबर होता आणि नॉमिनेशनच्या फॉर्मवर आईचं नाव होतं. २००३ला पैसे नेणाऱ्याच्या फॉर्मवर वडिलांचं नाव राघो आणि सही मराठीत. बाबा सही इंग्रजीत करायचे, टी. पाटील, तीही वळवून वळवून, कारण ती त्यांना एका सुपरवायझरने शिकवली होती. त्या टीच्या आडव्या दांडीने आमचं काम केलं.

मग साताऱ्याला जावं लागलं, कारण त्या माणसाचा लेखी जबाब हवा होता. दादाची गाडी, दादा चालवणार, बाबा पुढे, मी मागे. पाटण तालुक्यात वर डोंगराकडे गाव. ठेचा पाटलांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, कंपनीने व्हीआरएसमध्ये सढळ हाताने दिलं. मुलीचं लग्न आणि विहिरीचं बांधकाम, त्यात गेले. ऐकल्यावर ते आत गेले आणि त्यांचाही एक डबा घेऊन आले. तुपाचा. त्यातही स्लिपा, तशाच. दोघं म्हातारे दारात बसून एकमेकांचे खाते क्रमांक वाचत होते आणि त्यांच्या मुलीचा मुलगा मध्येच विचारत होता, “आजोबा, हे पण तुम्हीच का?”

त्यांनी लगेच सही दिली. त्यांच्या खात्यात पडलेली रक्कम बाबांकडे वळवली गेली, सेवेची तारीख दुरुस्त झाली, पेन्शन २०१२ला सुरू झालं. फरक त्रेपन्न हजारांचा होता. बाबांनी मागितला नाही. मी मागितला असता.

आता तुमचं. यूएएन म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी स्वतः गेली सोळा वर्षं रबाळ्यात एका छोट्या कंपनीत पगारपत्रकं करते आणि सांगते, दुसऱ्याची नोंद आपल्याकडे येते ती बहुतेक वेळा मुद्दाम नाही येत. समोरच्या कंपनीत कुणीतरी घाईत नाव आणि जन्मसाल बघून यूएएन उचलतं. २०२१मध्ये आधार जोडणं सक्तीचं झाल्यापासून हे कमी झालं. तुमची नोंद त्याआधीचीच आहे, तेव्हा आश्चर्य नाही.

मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. २०२५च्या सुरुवातीपासून तिथे चुकीची जोडलेली आयडी, म्हणजे त्या कंपनीतलं पीएफ खातं, स्वतःच डीलिंक करायची, म्हणजे आपल्या यूएएनपासून तोडायची, सोय दिली आहे. आधी त्या पानाचा आणि पासबुकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग बटण दाबा. त्या आयडीत खरोखर पैसे भरले गेले असतील तर मात्र बटणावर विसंबू नका. तक्रार पोर्टलवर नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि ‘निधी आपके निकट’ या पीएफवाल्यांच्या तक्रार शिबिराला जा, ते दर महिन्याच्या २७ तारखेला असतं. तिथे माणूस समोर बसतो. आणि एक, त्या आयडीतले पैसे काढायचा किंवा ट्रान्सफर करायचा मोह होऊ देऊ नका. ते कुठल्यातरी ठेचा पाटलाचे आहेत.

नव्या कंपनीच्या एचआरला आधीच मेल टाका. त्यांनी विचारल्यावर सांगितलं की तीच गोष्ट सबब वाटते.

कोर्टाच्या केसचं म्हणाल तर ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावाने शोधलं की ठाणे जिल्ह्यात पाटील, म्हात्रे, भोईर यांची रांग लागते. तो शोध म्हणजे पुरावा नव्हे. केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपा, वकिलाकरवी फिर्यादीची नक्कल काढा, तिच्यात आरोपीचा पत्ता असतो, बहुतेकदा वयही. ती नक्कल, तुमचं आधार आणि ‘सदर व्यक्ती मी नव्हे’ असं प्रतिज्ञापत्र, एवढं एका फाइलीत ठेवा. ही फाइल पुढच्या नोकरीलाही लागेल. तुमच्या नावाचा माणूस काही मरत नाही आणि केस तर त्याहून मरत नाही.

पॅन नंबरने प्रश्न सुटतो असं खाली एकाने लिहिलंय. सुटतो, पण नुसता अर्धवट नंबर बघून नाही. पॅनचं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं, म्हणजे इथल्या यच्चयावत पाटलांच्या पॅनमध्ये ‘पीपी’ असतंच. आणखी एकाने लिहिलंय की नावसाधर्म्याने कुणाचं नुकसान होत नाही. २०१४च्या लोकसभेला शेजारी रायगडात सुनील तटकरे २११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांवर मतं पडली. पुढच्याच वर्षापासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला. आयोगाला कळलं, आमच्या दादाला कळलं नाही.

दादा आजही लग्नकार्यात सांगतो, “मी गाडी काढून साताऱ्याला गेलो म्हणून बाबांचं पेन्शन झालं.” गेला होता, खोटं नाही. डिझेलही त्याचंच. पण २००४ला त्या स्लिपवर दहा मिनिटं घालवली असती तर ठेचा पाटलांची विहीर बांधून व्हायच्या आत पैसे सापडले असते, आणि बाबांची दोन वर्षं बिनपेन्शनची गेली नसती. २०१५ला घर पाडून इमारत उठवताना हाच दादा तो डबा रद्दीत देत होता, तेव्हाही मीच माहेरी जाऊन उचलून आणला. म्हणून तुम्हाला सांगते, घरात कुणी, आणि मुद्दाम सांगते, घरातल्या मुलीने किंवा सुनेने एखादा कागद समोर धरला तर “कंपनी बघून घेईल” म्हणू नका.

अर्थात प्रत्येक वेळी कागद मिळतीलच असं नाही. तुमच्या वयाच्या पोरांकडे तर मोबाइलमधले फोटोच असतात. ते चालतात, फक्त ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटर मूळ हवं. आणि डीलिंकनंतर नोंद दिसेनाशी झाली तरी व्हेरिफिकेशनवाल्यांकडे जुनी माहिती असू शकते, म्हणून स्क्रीनशॉट म्हटलं. मी वकील नाही, केसबाबत वकिलालाच विचारा.

चाकणवाला पाटील सापडला तर फोन करून बघा. त्याच्या हिस्टरीतून ते दीड वर्ष गायब असेल आणि त्यालाही कुणीतरी विचारत असेल, या काळात तुम्ही होता कुठे.

आणि दादा, तू या साइटवर असतोस मला माहीत आहे. डबा माझ्याकडेच आहे. २००४ची स्लिप सगळ्यात वर ठेवली आहे.