पहिला कॅमेरा, हाती पंचवीस हजार

प्रश्न : माझ्याकडे एकूण 25,000 रुपये आहेत. लग्नांत ओळखीच्या स्टुडिओवाल्यासोबत जातो, पोळ्याचे आणि शेतातल्या पक्ष्यांचेही फोटो काढायचे आहेत. दुकानदार नवा कॅनन 3000डी घ्या म्हणतो. एक जण जुना 700डी, 18-55 लेन्ससह, 16,000 रुपयांत देतो आहे. कोणता घेऊ? – एक वाचक, दारव्हा (यवतमाळ)

उत्तर : 700डी घ्या, पण तपासल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

3000डी नको म्हणण्याचं पहिलं कारण तुमचं लग्नाचं काम. त्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायच्या जागेत मधला संपर्कबिंदूच नाही. स्टुडिओत वापरात असणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्या बिंदूवरूनच पेटतात, त्यामुळे इथे ते पेटणारच नाहीत. 1500डीचीही हीच अडचण आहे. शिवाय 3000डीची लेन्स अडकवायची कडी प्लास्टिकची आहे. 700डी 2013 चा असला तरी या दोन्ही बाबतींत पक्का आहे. तो सौदा फिसकटला तर जुना 1300डी पाहा, त्यावरही साधा फ्लॅश चालतो.

700डीचे 18 मेगापिक्सेल कमी पडतील ही भीती मनातून काढा. फोटो 5184 × 3456 पिक्सेलचा येतो. 12 × 36 च्या अल्बमचं एक पान 12 × 18 इंचांचं, म्हणजे इंचाला 288 पिक्सेल मिळतात. छपाईला तेवढे पुरतात.

आता तपासणी. दिवसाउजेडी जा. स्वतःचं कार्ड न्या, फोटो मोठे करून पाहायला लॅपटॉप मिळाला तर उत्तम.

लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरपं पाहा. धुळीचे चारदोन कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग लेन्स सोडून द्या. (निकॉनची जुनी लेन्स पाहत असाल तर मागचा छोटा दांडा बोटाने सरकवून पडदा, म्हणजे उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या आतल्या पात्या, उघडावा लागतो, कॅननचा उघडाच असतो.)

मग लेन्स लावून एव्ही मोडवर (यात पडदा किती उघडायचा ते आपण ठरवतो) एफ 11 ठेवा (एफचा आकडा मोठा, तितका पडदा मिटलेला) आणि 18, 35, 55 वर प्रत्येकी पाच फोटो काढा. ही पायरी टाळू नका. जुन्या 18-55 मध्ये पडद्याकडे जाणारी पातळ पट्टीवजा केबल झूम करून करून तुटते. पडदा पूर्ण उघडा असताना फोटो व्यवस्थित येतात, तो मिटायची वेळ आली की ‘एरर 01’ येतो. विकणारा बहुतेक वेळा घरात, कमी उजेडात कॅमेरा दाखवतो. तिथे पडदा उघडाच राहतो आणि दोष झाकला जातो.

त्यानंतर एफ 22, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 100, फोकस मॅन्युअल, आणि मोकळ्या आकाशाचा फोटो. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची, फोटो टिपणाऱ्या चिपवरची धूळ, ती बहुधा साफ होते. रेघ दिसली तर नको. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) दिसणारा कचरा फोटोत येत नाही, त्यावरून घासाघीस मात्र जरूर करा. स्टुडिओवाल्याचा फ्लॅश लावून पाहा, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा, बिलावरचा क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळवा. ‘शटर फक्त दहा हजार झालंय’, म्हणजे आजवर तेवढेच फोटो काढलेत, या तोंडी हिशेबाचे पैसे देऊ नका. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये तो आकडा सापडतो, कॅननच्या या वर्गात मात्र वेगळं सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय कळत नाही.

उरलेल्या 9,000 मधून आधी दुसरी एलपी-ई8 बॅटरी, 32 जीबीची दोन कार्डं आणि धूळ उडवायचा हवेचा पंप घ्या. गावाकडच्या लग्नात ऐन वेळी वीज गेली की चार्जरचा उपयोग नसतो. मग जुनी 50 एमएम एफ 1.8 लेन्स. कॅमेऱ्यासोबतची 18-55 किट लेन्स 55 वर एफ 5.6 पर्यंतच उघडते, ही तिच्या जवळपास दहापट उजेड घेते. मांडवात संध्याकाळी हा फरक डोळ्यांना दिसतो. फक्त या कॅमेऱ्यावर ती 80 एमएमसारखी वागते, मागे सरकायला जागा लागेल. पक्ष्यांसाठी पुढे 55-250 ही लांबचं जवळ आणणारी लेन्स घेता येईल. बगळे, मोर मिळतील, चिमण्या-मुनिया नाहीत.

प्रश्न : पोळ्याच्या फोटोत आमचे पांढरे गवळाऊ बैल चुन्यासारखे येतात, अंगावरची झूल, नक्षी काही दिसत नाही. कॅमेरा खराब आहे का? – एक वाचक, आर्वी (वर्धा)

उत्तर : नाही. चौकटीत काळी माती आणि निंबाची गर्द सावली जास्त आली की कॅमेरा दृश्य अंधारं समजून उजेड वाढवतो आणि पांढरा बैल जळतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे 1 वर न्या, फोटो पाहताना माहितीचा स्क्रीन उघडा. जळलेला भाग लुकलुकतो, तो थांबेपर्यंत आणखी कमी करा. उलट, बैलानेच चौकट भरली असेल तर तो मळकट येतो, तेव्हा अधिक 1. काम झालं की शून्यावर आणायला विसरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. कपाटात कापडात गुंडाळून ठेवतो, तरीही. – एक वाचक, कोरची (गडचिरोली)

उत्तर : कापड आणि चामड्याची केस दोन्ही ओल धरतात. रबर असलेला हवाबंद प्लास्टिक डबा घ्या, त्यात पाव किलो केशरी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. दाणे हिरवे पडले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा केशरी करा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाका. बुरशी आलेली लेन्स या डब्यात ठेवू नका.